मखमलीवरचे चार तारे

६ मार्च, गुरुवार. श्रीरामपूर

प्रिय दादास, मरियाचा सलाम.

तुझा गुडघा कसा आहे? निर्गुडीचं तेल पाठवलं होतं ते लावतोस की उशाशी ठेवून नुसता वास घेतोस? डोळ्यांचं काय झालं, मोतीबिंदू अजून पिकतोच आहे का? आंबासुद्धा एवढे दिवस घेत नाही. वहिनींची शुगर परत तपासली का? त्यांना म्हणावं, चहातली साखर बंद करून गूळ घालायचा म्हणजे चोराला दारातून हाकलून खिडकीतून घ्यायचं. शेजारच्या रतनबाईंची कंबर धरली होती ती सुटली का? पाळकसाहेबांचा खोकला? आणि तांबडी शेळी गाभण होती, तिचं काय झालं तेही कळव.

माझं बरं आहे. मशीनवर पाय चालतो, सुईत दोरा मात्र तिसऱ्या खेपेला जातो. महिनाअखेरीला अमावस्या आहे, तेव्हा कॅमेरा घेऊन येते. बाबा सांगायचे तो दक्षिणेचा क्रूस या वर्षी तुला दाखवायचाच, असं मी ठरवलंय. तुमच्या गच्चीवरून दक्षिणेला नुसता माळ, दिवा ना बत्ती.

माझ्या तीन पत्रांचं उत्तर तुझ्याकडून यायचंय. पूर्वी पोस्टमन परत जायच्या आत तुझं उत्तर तयार असायचं. आता फोन करतोस, "पत्र मिळालं, बरं वाटलं" म्हणतोस आणि मी विचारलेल्या एकाही गोष्टीचं नाव काढत नाहीस. मोबाईलने माणसाच्या हाताला गंज चढतो. लवकर लिही.

तुझी, मरिया

(पत्र आधी इथे कच्चं लिहायचं आणि मग अंतर्देशीयावर उतरवायचं, ही माझी जुनी खोड. कापडाला कात्री लावायच्या आधी वर्तमानपत्रावर बेतून बघते, तसंच. वही माझी एकटीची आहे, म्हणून खरं लिहिते. दादाला क्रूस दाखवायचाय तो निम्मा त्याच्यासाठी आणि निम्मा मला मिरवायला. सातवी शिकलेली, जन्मभर ब्लाउज शिवलेली बहीण अडुसष्टाव्या वर्षी आकाशाचे फोटो काढते, हे त्याने चार माणसांत सांगावं असं फार वाटतं.)

२७ मार्च, गुरुवार. दादाचं घर, खर्ड्याजवळ

नगरला एक एस.टी. बदलली, जामखेडला दुसरी. कॅमेऱ्याची तिपाई मांडीवर धरून बसले तर कंडक्टर म्हणाला, "आजी, बंदूक हाय का काय?"

कॅमेरा पीरमहंमदभाईंचा. त्यांच्या फोटो स्टुडिओचे पडदे तीस वर्षं मीच शिवले. ताजमहालाचा, कारंज्याचा, सगळे. स्टुडिओ बंद केला तेव्हा त्यांनी कॅमेरा माझ्या हातात ठेवला. "लग्नाचे फोटो आता ज्याचा तो काढतो. तुम्ही चांदण्यांचे काढा, त्या हलल्या तरी तक्रार करत नाहीत." शिकवलंही त्यांनीच. भिंग पुरतं रुंद ठेवायचं, म्हणजे माळापासून वरपर्यंत आकाश एका चौकटीत मावतं. कॅमेऱ्याच्या आतला पडदा वीस सेकंद उघडा. त्याहून जास्त ठेवला की पृथ्वी फिरते आणि तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट येतात. असे बारा फोटो काढायचे आणि घरी लॅपटॉपवर एकावर एक रचायचे, गोधडीचे पदर रचतात तसे. एका फोटोत जे विरलेलं असतं ते बारांत घट्ट होतं.

नऊच्या सुमारास गच्चीवर गेलो. वहिनी पुढे आणि दादा मागे. वहिनी दर पायरीला खोकत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, औषध घ्या. घरात साथ आहे का खोकल्याची?" त्या म्हणाल्या, "न्हाई वन्सं, धूळ लई."

परवा अमावस्या, त्यामुळे आकाश काजळासारखं काळं. मी हात लांब करून मूठ धरली. क्षितिजापासून एक मूठ वर, थेट दक्षिणेला, चार तारे. दोन उभ्या रेघेत, दोन आडव्या. किंचित कललेला, पण क्रूसच. 

"दादा, दिसतो का?"

"दिसतो की."

"अरे, मी अजून दाखवला कुठे?"

"तू कॅमेरा तिकडं वळवलास ना. म्हटलं तिकडंच असणार."

मग मी त्याचं मनगट धरून बोट नेमकं त्या ताऱ्यांवर टेकवलं. त्याने बोट तिथेच धरून ठेवलं. मग सावकाश म्हणाला, "पाच तारे. चार मोठे आन् एक बारका, कुशीत. बाबा म्हनायचे तस्संच."

बाबा लष्करी दवाखान्यात शिपाई होते. दुसऱ्या महायुद्धात जहाजातून आफ्रिकेकडे गेले, तेव्हा डेकवर पडून रोज तो क्रूस बघायचे. पुढे कित्येक वर्षांनी एकदा त्यांनी दादाला माळावर नेऊन दाखवला होता. दादा सात वर्षांचा, मी पाळण्यात. तेव्हापासून दादाने तो पाहिला नव्हता, आणि मी कधीच नाही.

मी चष्मा पुसून परत पाहिलं. मला चारच. "पाचवा कुठेय रे?"

"तुला न्हाई दिसायचा. तुझं सगळं ध्यान यंत्रात."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वहिनी पदराला गाठ मारत खाली बघत बसल्या होत्या. चौऱ्याहत्तरीचा माणूस, मोतीबिंदू झालेला, आणि त्याला माझ्यापेक्षा एक तारा जास्त दिसतो. फोटो मोठा करून पाहिला, त्यातही कुशीत काही नाही. धुरळ्यात हरवला असेल.

५ एप्रिल, शनिवार. श्रीरामपूर

पाळक जोएलसाहेबांचा फोन. दादाने त्यांना सांगितलं म्हणे, अगदी पाच ताऱ्यांसकट. (सांगितलं, सांगितलं! सकाळपासून मशीन कशी पळतेय.) ईस्टरला शास्त्रवाचनाच्या मेजावर घालायला तोच क्रूस एका कापडावर शिवून द्याल का, असं विचारत होते.

निळी मखमल काढली. बारा फोटो रचून केलेला मोठा छाप मखमलीवर पसरला आणि ताऱ्यांच्या जागी टाचणीने टोचून घेतलं, म्हणजे केसाचाही फरक नको. पाचवा टोचायचा तर कुठे टोचणार? डोळ्यांनी जे पाहिलं नाही ते सुईने लिहू नये, म्हणून चारच घेतले. चंदेरी दोरा, गाठीचा टाका, एकेका ताऱ्याला चाळीस गाठी. हाताला उंचवटा लागतो.

२० एप्रिल, ईस्टर. दादाचं घर

आजचा दिवस जन्मभर पुरेल.

उपासनेच्या आधी कापड बाकावर पसरलं होतं. बाया बघायला जमल्या. रतनबाई म्हणाल्या, "मरियाबाई, तुमी तर आभाळाला टीप मारली." दादा आला, बाकाशी बसला आणि कापडावर दोन्ही हात फिरवत राहिला. एकेका ताऱ्यावर बोट थांबवून, जसा काही कापडाचा पोत बघतोय.

"चारच गं?" त्याने हळूच विचारलं.

"पाचवा तुझ्या एकट्याच्या मालकीचा आहे," मी म्हटलं. बाया हसल्या. दादाही हसला, पण जरा उशिराने. मग मला म्हणाला, "छान झालंय. लई छान झालंय, मरिये."

पाळकसाहेबांनी सगळ्यांना सांगितलं, हा क्रूस कुणी रंगवलेला नाही, आपल्याच माळावरून आपल्याच बहिणीने टिपलाय. दादाने वाचन केलं. तीस वर्षं तोच करतो. ग्रंथ उघडून दोन्ही हात मेजावर, आवाज खणखणीत, कुठे अडखळणं नाही.

मला शाल दिली. मी घेतली. घ्यायला नको होती असं आज वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

२८ एप्रिल, सोमवार. श्रीरामपूर

मध्यरात्र झाली आहे, तरी आत्ताच लिहिते.

उकाड्याने झोप येईना म्हणून साडेदहाला गच्चीवर गेले. सहज दक्षिणेला पाहिलं. मार्चमध्ये जिथे क्रूस होता त्याच दिशेला, तेवढ्याच उंचीवर, एक दुसराच क्रूस उभा होता. लहान, आखडलेला, माझ्या तीन बोटांत मावेल एवढा. पण तारे किती ठळक. त्याच्या डावीकडे खाली दोन तेजस्वी तारे, जणू त्याच्याकडे बोट दाखवायला ठेवलेत.

आणि कुशीत एक बारका.

चार मोठे आणि एक बारका, कुशीत.

मी खाली जाऊन कॅमेरा आणला. तिपाई लावून फोटो काढले. खात्री व्हावी म्हणून तीनदा काढले. मोठे करून पाहिले. पाच.

२९ एप्रिल

पीरमहंमदभाईंकडे गेले. त्यांच्या फोनवर आकाशाचा नकाशा आहे. खातूनभाभींनी सरबत दिलं, ते तसंच राहिलं.

"हे कालचे पाच म्हणजे त्रिशंकू," ते म्हणाले. "तुमचा दक्षिणेचा क्रूस हाच. डावीकडचे दोन, मित्र आणि मित्रक. ते दिसले की ओळख पटली समजा."

"आणि मार्चमधला?"

त्यांनी फोन जवळ नेला, लांब नेला. सांगायचं जिवावर आलं होतं त्यांच्या. "त्याला खोटा क्रूस म्हणतात. तो आधी उगवतो, मार्चमध्ये रात्री नऊला दक्षिणेला तोच असतो. खरा तेव्हा क्षितिजाला लागलेला असतो. लई लोक फसतात बाई. खलाशीसुद्धा फसायचे."

"खलाशांनी तो मखमलीवर शिवून देवाच्या मेजावर घातला नव्हता, भाई."

खातूनभाभी म्हणाल्या, "अहो, चूक झाली, सांगून टाका. त्यात काय?"

त्यात काय. तेच तर घरी येऊन रात्रभर स्वतःला विचारते आहे. चुकीची लाज नाही वाटत एवढी. ब्लाउजची बाही उलटी लागते, उसवून परत लावतो. पण ती शाल, ते बायांचं कौतुक, दादाचे ओले डोळे. ते कसं उसवू?

२ मे, शुक्रवार

आज मी पाप केलं. सरळ तसंच लिहिते.

पाळकसाहेबांचा फोन आला. सुट्टीचं शिबिर चालू आहे, साठ पोरं आहेत. मेजावरचं कापड बघून प्रत्येकाने कागदावर चार तारे काढलेत, घरी भिंतीला लावायला. ते म्हणाले, "मावशी, एकदा खात्री करून घेतो. एक पोरगं म्हणतं पुस्तकात पाच दाखवलेत. हा दक्षिणेचा क्रूसच ना?"

सांगायची वेळ पदरात आयती पडली होती. मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "हो."

वर आणखी म्हटलं, "पाचवा फार बारीक असतो, सगळ्यांना दिसत नाही."

ते म्हणाले, "हां, दानीएलकाकांना दिसला होता तो." दादाचंच नाव घेतलं, आणि फोन ठेवला.

मार्चमध्ये मी अडाणी होते. आज लबाड झाले. आणि त्या शाळकरी पोराला, जे एकटं खरं बोलत होतं, मी साठ जणांत खोटं पाडलं.

४ मे, रविवार

उपासनेला गेले नाही. डोकं दुखतंय असं शेजारी सांगितलं. दुखत नव्हतं.

९ मे

दादाचा फोन वाजत राहिला. उचलला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर चारच चांदण्या, पण डोळा लागू देत नाहीत.

१२ मे, सोमवार

ठरवलं. दादाला खरा क्रूस दाखवायचा आणि त्याच वेळी सांगून टाकायचं. पाचवा दिसला होता ना त्याला, मग त्याला तर आनंदच होईल. (दिसला होता. पण कुठे? खोट्या क्रूसाच्या कुशीत बारका ताराच नाही. हे राहून राहून मनात येतं आणि मी ते बाजूला सारते. त्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी चमकलं असेल.)

घाई आहे. मेच्या शेवटाला क्रूस दिवेलागणीलाच वर येतो आणि मग पावसाळाभर गेला तो गेला. त्यातून या वर्षी अवकाळी आताच सुरू झालाय. आता चंद्र मोठा आहे, शनिवारपर्यंत उशिरा उगवायला लागेल. शनिवारी जाते.

१७ मे, शनिवार. दादाचं घर

संध्याकाळी आकाश निवळलं होतं. नऊला गच्चीवर गेलो. वहिनी पुढे, दर पायरीला खोकल्या. मी मागून येत होते. या खेपेला मला दिसलं की त्या खोकल्या की दादा पाय उचलतो.

मी तिपाई लावली आणि वर पाहिलं. दक्षिणेला ढगांची भिंत. मघाशी स्वच्छ होतं, तेवढ्यात जुन्या गोधडीसारखं काहीतरी खालून वर सरकत आलं होतं. एक तारा नाही. कॅमेऱ्याचा पडदा उघडून पाहिला, वीस सेकंदांत नुसता राखाडी चिखल.

मी म्हणणारच होते की दादा, नशीब फुटकं, ढग आलेत. तेवढ्यात तो खुर्चीत सावरून बसला, तोंड बरोबर दक्षिणेला केलं आणि म्हणाला, "आज लई ठळक हाय गं."

मी परत वर पाहिलं.

"पाचही दिसत्यात. कुशीतला बारकासुद्धा. तू काढ फोटो, मी काही बोलत न्हाई."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. अंधार होता, पण पाहिलं ते कळलं. त्यांनी मान हलवली, अगदी एवढीशी, नको म्हणतात तशी.

मी कॅमेऱ्याचं बटण दाबत राहिले. बारा वेळा. ढगांचे बारा फोटो. दर वेळी तो खटका ऐकून दादा समाधानाने मान डोलवत होता. मार्चमध्ये हेच झालं होतं. मी त्याला काहीच दाखवलं नव्हतं. त्यानेच मला दाखवलं, मला हवं होतं ते.

१८ मे, रविवार. रात्री, तिथेच

सकाळी चुलीपाशी वहिनींना गाठलं. म्हटलं, "किती दिवस झाले?"

त्या भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, "वन्सं, उजवा गेला दिवाळीला. मोतीबिंदू न्हाई, काचबिंदू हाय. डाव्याला अजून उजेड कळतो. नगरच्या डॉक्टरीणबाई म्हनल्या, लवकर आना, जेवढं हाय तेवढं राखू. पन हे जात न्हाईत. वाचन जाईल म्हनत्यात. आंधळ्याला कोन मेजापुढं हुबं करनार?"

"मग वाचतो कसा?"

"पाठ हाय सगळं. मी शनवारी नात्यातल्या एका पोरीला वाचनाचा सराव म्हनून रविवारचा उतारा वाचायला लावते, हे कान देऊन ऐकत्यात. तेच पान म्या दुमडून ठिवते."

"आणि माझी पत्रं?"

भाकरी तव्यावर पडली. "पेटीत हायती. एक बी फोडलं न्हाई. मला अक्षर येत न्हाई, आन् दुसऱ्याला दावायचं न्हाई म्हनत्यात. कधी कधी हातात घिऊन बसत्यात."

मी मोबाईलने आळशी झालास म्हणून लिहिलं होतं त्याला. त्याने वाचलं नाही एवढंच बरं.

उपासनेत दादाने वाचन केलं. मी मुद्दाम पुढच्या बाकावर बसले होते. तो म्हणत होता तो उतारा मला ठाऊक आहे, आणि उघडं होतं ते पान त्या उताऱ्याचं नव्हतं. आज दुमड चुकली होती. त्याचे हात मात्र मखमलीवर होते, चार ताऱ्यांवर.

आमच्या मंडळीत वाचनानंतर साक्षीची वेळ असते. ज्याला देवाने काही दिलं, आजारातून उठवलं, पोराला नोकरी लावली, तो उभा राहून सांगतो. मी जन्मात कधी उभी राहिले नव्हते. आज राहिले. 

म्हटलं, "साक्ष आहे, पण चांगली नाही. मेजावरचा क्रूस दक्षिणेचा नाही. खोटा आहे. मार्चमध्ये मी फसले, त्याची लाज नाही. पण दोन तारखेला पाळकसाहेबांनी मला विचारलं, तेव्हा मला माहीत होतं, आणि मी 'हो' म्हणाले. एक पोरगं पाच म्हणत होतं. ते बरोबर होतं. त्याने मला माफ करावं. शाल मी सोबत आणली आहे."

 मग रतनबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "चार काय न् पाच काय, देव मोजत बसलाय व्हय?" थोडे लोक हसले. पाळकसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "मावशी, पोरांपुढं मीही ठासून सांगितलं. आता आपण दोघं मिळून निस्तरू." आणि मेजावरचं कापड काढून घडी करून माझ्या हातात दिलं. दादाचे हात उघड्या लाकडावर राहिले. ते काहीतरी चाचपत होते.

मला वाटलं होतं, मी उभी राहिले की तोही राहील. नाही राहिला. घरी येताना वाटेत म्हणाला, "उगाच उभी राहिलीस. मला ईस्टरलाच कळलं होतं. चार म्हनजे बाबांचा न्हाई."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढी खुशीत. आन् मी पाच म्हनून बसलो होतो." पुढे थोडं चालून म्हणाला, "लाज वाटली गं."

मला म्हणता आलं असतं, दादा, काल ढग होते. नाही म्हणाले. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, प्रेमाने ठेवतात तसा, आणि मी खड्डा आला की हळूच खोकत होते.

२६ मे, सोमवार. श्रीरामपूर

आठ दिवस ढगच ढग. क्रूस संपला या वर्षापुरता.

मखमल उसवली. एकशे साठ गाठी, ब्लेडच्या टोकाने एकेक. दोरा निघाला, पण भोकं राहिली. वाफ दिली, ब्रश फिरवला, रात्रभर ओल्या फडक्याखाली ठेवली. मखमल काही विसरत नाही.

आता त्याच मखमलीवर, भोकं टाळून, अठ्ठावीस एप्रिलच्या फोटोवरून खरा क्रूस शिवायला घेतलाय. या खेपेला गाठी दुप्पट जाड. डावीकडे मित्र आणि मित्रक, तेही. कुशीतल्या बारक्याला चंदेरी दोरा नाही घेतला, आईच्या माळेतला एक काचेचा मणी घेतलाय, बोटाला वेगळा लागावा म्हणून.

१ जून, रविवार

प्रिय दादास, मरियाचा सलाम.

या खेपेला कुणाच्या तब्येती विचारत नाही. तुझ्या सोडून सगळ्यांच्या ठीक आहेत हे बघून आले.

सोबत मेजावरचं कापड पाठवते आहे. बोट फिरव. चार मोठे, आणि कुशीत मणी. तो आईच्या माळेतला आहे. डावीकडचे दोन उंचवटे खऱ्या क्रूसाची ओळख पटवणाऱ्या ताऱ्यांचे. आणखी डावीकडे खाली बारीक भोकं लागतील, ती माझ्या खोट्या क्रूसाची. ती बुजत नाहीत. पाळकसाहेबांना सांगितलंय, राहू द्या, पोरांना दाखवा.

दादा, १७ तारखेच्या रात्री दक्षिणेला एकही तारा नव्हता. ढग होते. मी तेव्हा बोलले नाही कारण मला लाज वाटली, तुझी नाही, माझीच. दोन महिने मी तुला काय दाखवलं याचा हिशोब करत होते आणि तुला दिसतं का, हे एकदाही विचारलं नाही. वहिनी दर पायरीला खोकत होत्या आणि मी त्यांना औषध सांगत होते.

हे पत्र तुला वाचता येणार नाही हे ठाऊक असून लिहिते आहे. फोनवर यातलं काही सांगणार नाही, तू कितीही विचार. वहिनींना अक्षर येत नाही. म्हणजे हे तुला कुणाकडे तरी घेऊन जावं लागेल आणि म्हणावं लागेल, मला दिसत नाही, वाचून दाखव. कुणाकडे जायचं ते तू ठरव. मी अख्ख्या मंडळीपुढे उभी राहिले, तुला एकाच माणसापुढे राहायचंय.

जो कोणी हे मोठ्याने वाचतो आहे त्याला माझा सलाम. बाळा, इथे जरा थांब आणि दादाला पाणी दे.

नगरच्या डॉक्टरीणबाईंकडे अकरा जूनचा नंबर लावला आहे. डाव्यातला उजेड आहे तेवढा राखता येईल म्हणतात, गेलेला परत येत नाही. मी दहाला येते, तिघं मिळून जाऊ. वाचनाचं म्हणशील, तर तुला सगळं पाठ आहे, ग्रंथ मिटून म्हण. बाबांनाही आकाश पाठच होतं.

तोवर उत्तर लवकर लिही. फोन नको, पत्र. तुझ्या हाताला अक्षरं ठाऊक आहेत, डोळे कशाला लागतात? ओळी वाकड्या गेल्या तरी चालतील. एका ओळीवर दुसरी आली तरी चालेल. बारा फोटो एकावर एक ठेवून त्यातून एक आकाश काढायची सवय आहे मला, तुझ्या दोन ओळीही सुटतील.

वाट बघते.

तुझी, मरिया